काटेरी वईआडचा नवरंग

परवा इथल्या उद्यानात जाळीपाशी उभा होतो. हरणांच्या अंगाचा उग्र, ओलसर वास आला आणि मी मागे फिरलो. माणसं कौतुकाने त्यांना पाला भरवत होती. मला मात्र झाडांखालची ती झाडून काढल्यासारखी उघडी जमीन बघवेना.

ऐंशीच्या दशकात मी सिल्वासाला वनखात्याच्या कचेरीत कारकून होतो. रविवारी खानवेलची बस धरायची आणि तिथल्या कुंपण घातलेल्या जंगलात भटकायचं, हा माझा एकट्या जिवाचा विरंगुळा. तिथले एक वारली रखवालदार माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. पाखरं मला त्यांनीच शिकवली. करवंदीच्या जाळीत, जमिनीला टेकून, वाळक्या पानांचं गोल घरटं करणारा नवरंग त्यांनी पहिल्यांदा दाखवला, तेव्हा मी कितीतरी वेळ जागचा हललो नव्हतो.

कुंपणात चितळं सोडलेली. आत बिबट्याचं भय नाही, बाहेर पडायला वाट नाही. ती वाढत गेली. आधी कोवळे फुटवे गेले, मग कुड्याची, करवंदीची झुडपं. काही वर्षांत हरणाची मान पोचेल तिथवर हिरवं म्हणून काही उरलं नाही. साग आणि ऐन तेवढे उघड्या पायांनी उभे. पाहुणे म्हणायचे, "किती स्वच्छ जंगल!" रखवालदार मान फिरवायचे. एकदा मला म्हणाले, "भाऊसाहेब, हरणां सगल्यांना दिसतात. पाखरां गेली ती कोनाला दिसत नाय."

मग त्यांनी एका कोपऱ्याला आपल्या हातांनी काटेरी फांद्यांची वई घातली. दोन पावसाळ्यांत आतली झुडपं छातीला लागली आणि तिसऱ्या आषाढात तिथे नवरंगाने घरटं केलं. नेमका तेव्हाच वरून हुकूम आला: त्या झाडीआड पाहुण्यांना हरणं दिसत नाहीत, वई काढा. रखवालदार कचेरीत माझ्या टेबलाशी आले.

"पिलां उडू दे, मंग काढतो. तुम्ही लिवा ना सायबांना."

मी हो म्हणालो. अर्ज लिहिलाही. पण बढतीची यादी निघायची होती. अर्ज खणातच राहिला.

त्यांनी वई काढली ती पिल्लं उडाल्यावरच. हुकूम मोडला म्हणून मेमो निघाला आणि त्यांना जंगलातून हलवून रोपवाटिकेत पाणी घालायला धाडलं. मेमो टाइप मीच केला. अंगठा उठवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्ज पोचला नाय काय?"

"पोचला," मी म्हणालो.

नव्वदच्या दशकात नवे अधिकारी आले. जंगल इतकं मुकं का, असं त्यांनी विचारलं, आणि मी एकदाचं सगळं लिहून दिलं. दोन कोपऱ्यांना तारेचं कुंपण पडलं. ते सांगायला मी रखवालदारांच्या पाड्यावर गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. जाताजाता म्हणालो, "तो अर्ज मी दिलाच नव्हता, काका."

"माहीत हाय," ते म्हणाले. मग कोपरे केवढे, ते विचारलं, अंगणात पावलं टाकून पाहिली आणि म्हणाले, "लहान हायेत."

पुढे माझी बदली झाली. तिथे नवरंग परतला की नाही, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं सरली, ही तगमग काही सरत नाही. चितळांचा काय दोष, ती भुकेली होती. मी मात्र पोटभर जेवून टेबलाशी बसलो होतो.