अर्नाळ्याच्या रस्त्यावर फुल टाकी

नाशिकहून एसटीत बसताना ह्यांच्या पिशवीत गाडी पुसायचा नवाकोरा पिवळा फडका होता. गाडी मात्र अजून घ्यायचीच होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना लाल गाडी हवी होती, आणि तशी एक विरारजवळ आगाशीला विकायला आहे, असं चंदनसारच्या माझ्या मामेबहिणीनं कळवलं होतं. जव्हारमार्गे घाट उतरून विरारला पोचलो, तिच्याकडे मुक्काम केला आणि सकाळी रिक्षानं निघालो.

विरारचा पूल ओलांडून पश्चिमेला आलं की इमारती विरळ होतात आणि केळीच्या बागा सुरू होतात. गाडीवाल्या केतनचं घर अशाच एका वाडीत होतं (इथे वाडी म्हणजे वस्ती नव्हे, घराभोवतीची बाग). केतन मुंबईत संगणकाची नोकरी करतो. घरात बाळ आलं आणि बायकोनं सांगितलं, की एक तर ही गाडी राहील नाही तर माझी झोप. म्हणून तो गाडी विकत होता.

त्याच्या आईनं चहाबरोबर सुकेळी (वाळवलेली राजेळी केळी) ठेवली. ह्यांनी बशी रिकामी केली, पण नजर अंगणातल्या लाल गाडीवरून हलली नाही.

"काका, गाडी टर्बो आहे आणि मी ती ट्यून करून घेतलीय," केतन म्हणाला. "कंपनी देते त्यापेक्षा जास्त हवा इंजिनात कोंबली जाते. पाय जरा बेतानं द्या."

"मी कालव्याच्या काठानं जीप चालवलीय," हे म्हणाले.

केतनला शेजारी बसवून आम्ही चक्कर मारायला निघालो. अर्नाळ्याच्या रस्त्यावर मोकळा पट्टा आला आणि ह्यांनी पाय दिला. मागच्या सीटवर माझं डोकं जे मागे टेकलं ते टेकलेलंच राहिलं. चारचौघांत कधी न हसणारे माझे यजमान खुदखुदत होते.

अर्नाळ्याला समुद्रात किल्ला दिसला, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या दिसल्या आणि वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) वाळत घातलेल्या बोंबलांचा वास थेट डोक्यात गेला. केतन आईसाठी ओले बोंबील घ्यायला उतरला. त्याची घासाघीस लांबली, तसे हे म्हणाले, "पोराचं पेट्रोल जाळलं आपण. टाकी भरून देऊ. बरं दिसत नाही."

मलाही ते पटलं. आम्ही मागे जाऊन पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि मोठ्या समाधानानं केतनला घ्यायला परतलो.

"टाकी फुल केलीय तुझी," ह्यांनी सांगितलं.

केतन दार धरून तसाच उभा राहिला. "कुठलं पेट्रोल घातलंत?"

"पेट्रोल म्हणजे पेट्रोल. डिझेल नाही घातलं. तेवढं कळतं मला."

"साधं घातलं?"

"मग काय, देवाला वाहायचं होतं?"

केतन मागे माझ्याशेजारी येऊन बसला, बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन. "काका, ह्या ट्यूनिंगला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. हवा जास्त दाबली की साधं पेट्रोल थांबत नाही, ठिणगी पडायच्या आधीच पेटतं. पिस्टन वर येत असतो आणि त्याच्या डोक्यावर हातोडा बसतो."

ह्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पाय दाबला. इंजिनातून असा आवाज आला, जणू कोणी पत्र्याच्या डब्यात फुटाणे घालून डबा हलवतंय.

"पाय काढा," केतन शांतपणे म्हणाला. "पिस्टनला भोक पडेल."

गाडी अजून आमची नव्हती. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन, तेही उपकार करायला जाऊन, आम्ही मोडणार होतो. हे गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवू लागले. आम्हाला शाळेची रिक्षा मागे टाकून गेली, मग मासळीचा टेम्पो, मग सायकलवरचा पाववाला. एका वळणावर डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालली. शेवटी तिला राहवलं नाही.

"गारी आजारी हाय का?" तिनं खिडकीतून विचारलं. "पानी घाला तिला, पानी."

घरी पोचल्यावर केतननं इंजिन निवू दिलं, प्लग काढून उन्हात धरून पाहिले आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "वाचलं. आता कंपनीचं मूळ सेटिंग परत टाकतो, त्याला साधं पेट्रोल चालतं." त्यानं लॅपटॉपची वायर गाडीला जोडली. "काम होईपर्यंत कोणी दार उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही."

हे गाडीतच होते. पश्चात्तापानं म्हणा किंवा गाडी सोडवत नव्हती म्हणून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. घरातून तळणीचा वास आला. केतनची आई ताट घेऊन बाहेर आली.

"इतक्या लांबून आलेला माणूस, उपाशी कसा ठेवायचा?" असं म्हणून तिनं उघड्या खिडकीतून भात, आमटी आणि बोंबलाची तुकडी आत दिली. "ह्या गाडीला भारीतलं पेट्रोल लागायचं, आणि मी महिनाभर एकाच तेलात तळते."

हे अंग चोरून जेवले. तेवढ्यात लॅपटॉपवरचं काम संपलं. केतननं वाडीपासून देवळापर्यंत आम्हाला फिरवून आणलं. जोर कमी झाला होता, पण फुटाणे गेले होते. ह्यांनी तिथेच होकार दिला.

"आधीचं जोराचं सेटिंग हवं असेल तर देतो," केतन म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केतनच्या आईकडून सुकेळ्यांचा पुडा घेतला आणि म्हटलं, "हे पुरे."

व्यवहार उरकून गाडीनंच परतताना मनोरच्या पुढे मी ती चालवायला घेतली. ह्यांनी रेडिओ बंद केला, एसी बंद केला, काच खाली केली आणि जव्हारचा घाट चढून होईपर्यंत कान बॉनेटकडे लावून बसले. चुकूनही फुटाणा वाजला नाही. वाटेत मी पावसाळ्याबद्दल बोलले, लेकीच्या बदलीबद्दल बोलले, चंदनसारच्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोलले, आणि प्रत्येक वेळी ह्यांनी बोट ओठांवर ठेवलं. नाशिकचे दिवे दिसेपर्यंत मला एवढंच उमगलं होतं, की ह्या माणसाला कान देऊन ऐकता येतं. संसारात मात्र तसं ऐकलं जायची संधी मला कधी मिळाली नव्हती, कारण माझ्यात बिघाड झाल्याची शंका ह्यांना कधी आलीच नाही.