आधीची नोकरी का सोडलीत?

मंडळी, आज सकाळी आर्बाइट्सआम्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी रोजगार कार्यालयाच्या, कोर्सला गेलो होतो. स्टुटगार्टजवळच्या आमच्या कंपनीने पंपांची लाइन चाकणला हलवली आणि आमच्या नोकऱ्या गेल्या. आता सरकार काही महिने जुन्या पगाराचा बराचसा भाग देतं आणि मुलाखत कशी द्यायची तेही शिकवतं.

माझ्या शेजारी डीटर होता. त्याचं सगळं आयुष्य त्याच लाइनवर गेलंय. शिकवणाऱ्या बाईंनी सरावासाठी त्याला विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीत?"

"मी कुठे सोडली?" डीटर म्हणाला.

"असं नाही बोलायचं. काहीतरी पॉझिटिव्ह सांगा."

त्याने वहीत 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलं. मीही.

कॉफी घेताना त्याने विचारलं, "चाकणला तुझं कोणी आहे?"

"मावसभाऊ. नुकताच त्याच लाइनवर लागलाय."

डीटरने कॉफीत साखर घातली. मग म्हणाला, "त्याची तरी टिकू दे."

भावाला अभिनंदनाचा फोन कर म्हणून आई मागे लागलीय. करणारच आहे, त्याचा काय दोष? पण ती लाइन माझी होती, हे घरी अजून कुणालाच माहीत नाही. आणि तो विचारणारच, "दादा, तुझं कसं चाललंय?"

काहीतरी पॉझिटिव्ह सुचवा.