मेहनतीचा खाडा

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, माण तालुक्यातल्या एका जत्रेच्या कुस्त्यांत, माझ्या थोरल्या भावाचा गुडघा निखळला. मी सांगलीच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मैदानाच्या कडेला उभा होतो. निवेदकाने त्याला 'साखर कारखान्याचा पैलवान' म्हणून पुकारले होते. तो खाली पडला आणि उठला नाही. त्याला चौघांनी उचलून नेले, तेव्हा लोक वाट सोडून उभे राहिले, म्हाताऱ्यांनी हात जोडले. जिंकलेला पैलवान फेटा हातात घेऊन एकटाच उभा होता. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि दादाला तो हरूनही मिळत होता.

हे नवे नव्हते. घरची म्हैस त्याच्यासाठी होती. मी दैनिकात लागलो तेव्हा आईने शेजारणीला सांगितले, "धाकटा छापखान्यात असतोय." थोरल्याची साधी सर्दीही गावभर चर्चेत असे.

मिरजेच्या डॉक्टरांनी कुस्ती संपल्याचे सांगितले. कारखान्याच्या हजेरीपटावर दादा वॉचमन होता. खेळाडूंना असेच कुठल्या तरी जागेवर दाखवीत. भरपाई मागितल्यावर कारखान्याने कळवले, की जत्रेतली कुस्ती हा त्याचा खासगी शौक आहे. त्याचे लग्न व्हायचे होते, शेती कोरडवाहू होती, आणि कुस्तीखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते. प्रकरण सांगलीला भरपाई अधिकाऱ्यांपुढे गेले.

सुनावणीच्या सकाळी मी त्याला पढवले.

"दादा, काय काम करतोस म्हणून इचारलं तर वॉचमन म्हणायचं. मेहनतीचं नाव काढायचं न्हाई."

"का रं? मेहनत वाईट हाय व्हय?"

पैलवान मेहनत म्हणतात ते जोर, बैठका आणि लढतींना. हा शब्द तिथे निघाला तर शौक सिद्ध होईल, असा माझा हिशेब होता.

अधिकारी पुण्याकडचे होते, तालमीची भाषा त्यांना नवी होती. दादाने 'वॉचमन' म्हणून सांगितले. कारखान्याच्या वकिलांनी विचारले, "गेटवर पाळी कधी बदलते, पैलवान?"

दादाने माझ्याकडे पाहिले. मग सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिले.

"मला ठावं न्हाई."

"मग कसले वॉचमन तुम्ही?"

"साहेब, ह्यो माझा धाकटा भाऊ. पेपरात असतोय. त्यानंच शिकवलं तसं म्हण म्हणून." लोक हसले. "मी आपली मेहनत करतो."

"मेहनत तर कारखान्यात सगळेच करतात," अधिकारी म्हणाले. "कुठल्या खात्यात?"

"तालमीत."

हशा वाढला. वकील खाली बसलेही. पण दादा तक्रारीच्या सुरात पुढे बोलत राहिला. "लय कडक हायत आमचं साहेब. बहिणीच्या लग्नात मेहनत चुकली, तर खाडा मांडला माझा. पगार कापला."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "मेहनत चुकली म्हणून खाडा?"

"व्हय. गेटवर न्हाई गेलो तर कोण इचारत न्हाई. तालमीत न्हाई गेलो की खाडा."

अधिकाऱ्यांनी वकिलांशेजारी बसलेल्या कारखान्याच्या मॅनेजरांना विचारले, हे खरे का? ते म्हणाले, शिस्तीचा भाग म्हणून तसे करावे लागते. वकिलांनी डोळे मिटले. ज्यातल्या गैरहजेरीबद्दल पगार कापला जातो, तो शौक कसा, हे मग कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

बहिणीच्या लग्नानंतर त्या खाड्यावरून आई मॅनेजरला शिव्या देत होती, तेव्हा मी समोरच जेवत होतो. प्रकरणातली एकमेव बातमी माझ्या घरातली होती, आणि ती फोडली त्याने, तीही नकळत. वार्ताहराला याहून जिव्हारी काय लागावे?

निकाल दादाच्या बाजूने लागला. कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी त्याला तो वाचून दाखवला.

"पैलवान म्हणून लिवलंय न्हवं?"

"न्हाई. कामगार लिवलंय."

"नीट बघ की रं गड्या."

मी नीट पाहिले. शब्द नव्हता. तो रस्त्याकडे पाहत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हवा तो मान न देणारा कागद मी हातात धरून उभा होतो, आणि मला ते आवडले. कागदाप्रमाणे आता तो आणि मी सारखेच होतो, दोघेही पगारी नोकर.

स्टँडवर घरी जायची कराडची एस.टी. खच्चून भरलेली होती. कंडक्टरने दादाची कुबडी पाहिली, मग चेहरा पाहिला, आणि तो ओरडला, "आवं, उठा उठा! पैलवान आल्यात!" पुढच्या बाकावरचे दोघे लगेच उठले. दादाने पाय लांब केला. मागून कोणी विचारले, त्या दिवशी जत्रेत पट काढायच्या डावात पाय अडकला का. दादा सांगू लागला आणि बस ऐकू लागली. निकालाचे कोणी विचारले नाही. तो माझ्या पिशवीत होता, आणि मी कराडपर्यंत उभा होतो.