गोळ्यांसाठी कौल

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या त्याला आठवडा उलटला, तरी पाकीट फ्रिजवर तसंच पडून होतं. मला झालं काय होतं ते सांगणं अवघड. ताप नाही, दुखणं नाही. नागावला आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. त्यांची न्याहारी, चादरी, सगळं मीच बघते. तेही चालू होतं. पण घावन तव्यावर घातलं की मी नुसती बघत उभी राहायची आणि ते करपायचं. पाहुणे म्हणायचे, इथली माणसं किती सुखी! मी मान डोलवायची. खरं तर कितीतरी दिवसांत मला कशाचं सुख झालं नव्हतं, धड दुःखही नाही. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, परत उजाडलंच का.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. गोळी सुख आणून देणार नाही, म्हणाल्या, पण सुख दारात आलं तर उठून कडी काढण्याइतकं बळ येईल. काही महिने घ्याव्या लागतील आणि स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही सांगितलं.

नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, घरी येतो तो शनिवारी. त्याचं म्हणणं सोपं होतं: दिल्यात ना, मग घे. पण गिळायची मला होती. गोळी घेऊन मी हसले, तर ते हसणं माझं की गोळीचं? एकदा सुरू केली आणि सुटलीच नाही तर? न घ्यावी, तर करपलेलं घावन रोजचंच. त्यात गाव. आमच्याकडे एका घरात शिंकलं की दुसऱ्या घरात काढा उकळतो. 'वेडाच्या गोळ्या' म्हणायला कितीसा वेळ लागणार!

माझं हे तळ्यात-मळ्यात शेवटी मी सासूबाईंना सांगितलं. कौल लावल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही ठरवलेलं नाही. विहीर कुठे खणायची, नणंदेला आलेल्या स्थळाला काय कळवायचं, सगळं ग्रामदेवीला विचारून. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या प्रकाराची मी लग्न झाल्यापासून मनसोक्त टिंगल केली होती. पण तेव्हा वाटलं, देवी तर देवी, कुणीतरी एकदाचं ठरवून टाका. नकार आला तर पाकीट कचऱ्यात टाकणार, असं मी त्यांना सांगूनही ठेवलं.

मंगळवारी दुपारी आम्ही देवळात गेलो. गुरव जेवायला गेला होता. सासूबाई म्हणाल्या, त्याच्यावाचून काही अडत नाही, मला सगळं येतं. मी बाहेर पारावरच बसले. चपला काढायच्या म्हणजे वाकायला हवं, तेवढंही नको वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, तेव्हा कपाळाला घाम होता.

"उजवी पडली, बाय. घे तू गोळी."

पहिले काही दिवस तोंड कोरडं पडे, मळमळे. देवी आणि डॉक्टरीणबाई दोघींना मी एकदमच शिव्या घातल्या. सासूबाई रोज न्याहारीनंतर गोळी माझ्या तळहातावर ठेवत आणि ती पोटात जाईपर्यंत पाण्याचा पेला धरून उभ्या राहत. फरक पडला तो अगदी हळू. एकदा पाहुण्यांनी वाडीच्या पाटात बिअरचे डबे टाकले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ते सगळे मी त्यांच्याकडून वेचून घेतले. घरात आल्यावर लक्षात आलं, आपल्याला राग आला होता. मग भूक आली. एके दिवशी बोंबलाचं कालवण बोटं चाटून खाल्लं. नवरा काहीतरी बोलला आणि मी हसले. ते हसणं कुणाचं, हे स्वतःला विचारायचं राहूनच गेलं.

उन्हाळा सरत आला तशी मला शिंगं फुटली. बरं वाटतंय, आता कशाला गोळ्या? डॉक्टरीणबाई इतक्यात सोडायच्या नाहीत हे माहीत होतं, म्हणून मी वरचं दार ठोठावायचं ठरवलं. सासूबाई मागच्या पडवीत नारळ खवत होत्या. म्हटलं, चला आई, देवीला विचारू, गोळ्या बंद करू का. त्यांचा हात थांबला. देवीला नको, अलिबागला जाऊन त्या बाईंना विचार, म्हणाल्या. देवीवरचा विश्वास उडाला की काय, असं मी चिडवलं. त्या हसल्या नाहीत.

"तवा डावी पडली व्हती," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर काही कळेना.

"म्हटलं, परत लावू. परत लावली, परत डावीच. आन् भायेर तू बसलेली, मान खाली घालून. तुला येऊन काय सांगनार व्हते मी?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. देवीचा शब्द या बाईने कधी मोडला नव्हता. तिला विचारल्याशिवाय अंगणातलं झाडसुद्धा तोडू दिलं नव्हतं. भीती नाही वाटली का, असं मी विचारलं.

त्यांनी अर्धी वाटी पुन्हा खवणीवर धरली.

"वाटली की. अजून वाटते. पन तिच्याशी माजं मी बघून घेईन. तू गोळी सोडू नको."