घरी आलेला वाटा

गावात मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिली मुलगी मी. बाबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. त्यांनीच मला कोल्हापूरला बी. ए. पर्यंत शिकवलं. साठ सालानंतर मी गावच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि त्याच सुमारास बाबांना मधुमेह निघाला. गलबत सुटलं. ते दिवसभर घरापुढच्या खळ्यात, अंगणात बसून राहू लागले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मला विचारत, "तुझी आवस खंय गेली गो?"

मालवणच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बसवून ठेवू नका. अंग हललं तर साखर उतरेल. डोक्यालाही बरं."

नुसतं फिरायला बाबा तयार होईनात. "कामाशिवाय किनाऱ्यार भटकाक मी काय कुत्रो?" मग मी त्यांना रापणीवर घेऊन गेले. समुद्रात सोडलेलं मोठं जाळं दोन्ही टोकांच्या दोरांनी किनाऱ्यावर ओढून काढतात, ती रापण. दोराला ज्याचा हात लागला, त्याला माशांचा वाटा. विधवा, आजारी, अंथरुणाला खिळलेले यांचा वाटा मात्र घरी पोचवला जाई. आमच्या किनाऱ्याची ती रीत होती.

"ये रे तांडेला! हाडां चलतत मा अजून?" रापणकर हाक मारत.

"चलतत. तुझी तेवढी जीभच चलता," बाबा दोर खांद्यावर घेत म्हणत.

त्या हिवाळ्यात बाबा बदलले. ओहोटीच्या वेळा बिनचूक सांगू लागले. आईबद्दल विचारणं थांबलं. वाटा हातात घेऊन घरी येत, तेव्हा पूर्वी सफरीहून परतताना दिसत तसेच दिसत.

पुढच्या दिवाळीत माझा थोरला भाऊ मुंबईहून आला. तो गोदीत कारकून होता. "पोरगी मास्तरीण, पोरगो कारकून, आणि बापूस लोकांच्या रापणीर दोर ओढता? लोक काय म्हणतले?" डॉक्टरांचं म्हणणं मी त्याला नीट समजावलं. तो "बरां" म्हणाला. मला वाटलं, पटलं त्याला.

दोन दिवसांनी बाबा निघायच्या आतच रापणीवरचा माणूस पानांत बांधलेले बांगडे घेऊन दारात आला. "तांडेलाचो वाटो. आता तेंका जमना नाय म्हणान घरसून सांगणां इला."

बाबा माशांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. डॉक्टरांशी बोलणारी, औषधं आणणारी मीच होते.

"तू सांगलंस?"

"मी नाय, बाबा."

भाऊ उंबऱ्यावरच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवली आणि पाणी प्यायला आत गेला. तो गेल्यावर मी बाबांना त्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तो मुंबैत ऱ्हवता. तेका काय ठावक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना हाताला धरून किनाऱ्यावर नेलं. रापणकरांनी आदराने जागा दिली. पण दोराला त्यांचा हात लागताच पुढच्याने सगळा भार आपल्यावर घेतला. दोर त्यांच्या हातात ढिला आला. बाबांनी तो वाळूत ठेवला आणि परतले. पुन्हा गेले नाहीत.

त्यानंतर एकेक करून सगळं गेलं. ओहोटीच्या वेळा, गलबताचं नाव, आईचं जाणं. भाऊ आला की त्याला परक्यासारखं "बसा" म्हणत. मला मात्र शेवटपर्यंत ओळखत होते. जेवणाचं ताट पुढे ठेवलं की वर बघत आणि म्हणत,

"तूच सांगलंस."