दारात खांब नसलेला सरपंच शोधायला निघालो तेव्हा

यंदा आमच्या गावाचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि आई निवडून आली. ती सरपंच झाल्यावर गावाला पहिली वस्तू मिळाली ती सोलर लाईट. खांबासकट, आणि एकच. ती कुठे लावायची यावरून आमच्या घरात जे भांडण पेटलं, त्यातून हा दोन दिवसांचा प्रवास घडला.

माझं म्हणणं सरळ होतं. लाईट फाट्यावर लावा. संध्याकाळची एसटी कॉलेजच्या मुलींना तिथे मिट्ट काळोखात सोडून जाते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि ती सगळी वर्षं मी त्या फाट्यावरून मोबाइलचा टॉर्च लावून, मागे न बघता घरी आले आहे.

बाबांचं म्हणणं त्याहून सरळ. "सरपंचाच्या दारात लाईट नसली तं लोकायले घर कसं सापडीन?"

"बाबा, एवढुसं गाव आहे. कुत्र्यालाही आपलं घर माहीत आहे!"

मग माझ्या हातून घोडचूक झाली. मी मोबाइलवर वाचलं होतं की स्कॉटलंडमध्ये शहराचा प्रमुख निवडला गेला की त्याच्या घरासमोर खास नक्षीदार दिवा लावायची जुनी रीत आहे. बाबांना लाज वाटावी म्हणून सांगितलं, की बघा, असला मान तिकडे राजेशाहीतच मिरवायचे. बाबांचा चेहरा उजळला. "पाह्य! गोऱ्यायचं डोस्कं बी आपल्यासारखंच चालते." दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्यांना स्कॉटलंड समजावून सांगत होते. मला विचारलं, "आपल्या खांबाले बी थोडी नक्षी काडता येईन का व?"

शेवटी त्यांनीच पैज लावली. "एक गाव दाखव, जिथं सरपंचाच्या दारात खांब नाही. मी सोता फाट्यावर खड्डा खंदतो."

मी स्कूटी काढली. आई मागे येऊन बसली. "मी बी येतो." लग्नं आणि दवाखाना सोडून आई कधी कुठे गेलेली नाही, त्यामुळे मी लगेच स्कूटी सुरू केली.

आमचं गाव चिखलीजवळ. चिखलीतच पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप सापडतात पण रांगा असतात. मोठा रस्ता छान आहे. गावांकडे वळणारे रस्ते मात्र असे, की पाठीला पट्टा असेल तर बांधून निघा. थंडी होती, दोन्हीकडे तूर उभी होती, आणि आई मागून प्रत्येक शेतावर मत देत होती. पाहिलेल्या गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही. आईला अजून पाच वर्षं त्या सगळ्यांसोबत बैठकीला बसायचं आहे.

अमडापूरच्या आधीच्या एका गावात पानठेल्यावर सरपंचांचं घर विचारलं. ठेलेवाल्यानं नाव नाही, गल्ली नाही, नुसता हात केला. "सिदे जा. खांब दिसला का थांबा."

पहिल्याच गावात बाबा जिंकले. आई मागे बसून इतकी हसली की स्कूटी डगमगली.

अमडापुरात मिरचीची भजी आणि चहा घेतला. भजी गरम असतील तरच घ्या, आणि चहा "कमी साखर" सांगूनही पाकच येतो. पुढे उंद्रीकडच्या एका गावात तर एका गल्लीत तीन खांब. आताचे सरपंच, आधीचे आणि त्याच्याही आधीचे. पलीकडे अख्खी वस्ती अंधारात. आधीच्या सरपंचांच्या सुनेला मी विचारलं, पद गेलं तर लाईट का नाही गेली? ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, इज्जतीनं कारभार केला आमच्या मामंजीनं. लाईट उपटून नेली तं गाव म्हनन, काही खाल्लं असन."

स्कॉटलंडमध्येही काही दिवे पद गेल्यावर तिथेच राहतात, असं मी वाचलं होतं. हे मी आईलासुद्धा सांगितलं नाही. बाबांपर्यंत पोचलं असतं.

खामगावच्या गर्दीतून निघून पिंपळगाव राजाच्या पुढे, मावशीच्या गावी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मुक्काम तिथेच. मावशीनं भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा केला होता. पण जेवणाआधी मी आईला घेऊन खांब बघायला गेले. होताच. सरपंचांच्या दारात लख्ख उजेड आणि त्याखाली कोणी नाही. समोर, उजेड संपतो तिथून हातभर पलीकडे, तीन बायका बसून उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. एकीनं मोबाइल टोपलीला टेकवून टॉर्च लावला होता.

"बाई, उजेडात काऊन नाही बसत व?" आईनं विचारलं.

"तो त्यायचा उजेड हाय."

"सरकारचा हाय न?"

"सरकारचा असन. पन दार त्यायचं हाय. मत आमी दुसऱ्याले देल्लं." दुसरी हसत म्हणाली, "तिथं बसलो तं सकाळी गावभर होईन, आल्या लाईनीवर!"

माझा संयम सुटला. सार्वजनिक मालमत्ता, कराचा पैसा, नागरिकांचा हक्क, सगळं मी त्या गल्लीत उभं राहून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरगी शिकेल दिसते," एकजण आईला म्हणाली.

"हाव. बी.ए. हाय," आई म्हणाली, आणि खाली बसून अंधारातच जुड्या बांधू लागली.

दुसऱ्या दिवशी परतताना एका गावात चमत्कार झाला. सरपंचांचं दार मोकळं! मी उडी मारून उतरले, फोटो काढले, सरपंचांना नमस्कार केला आणि म्हटलं, काका, तुमच्यासारखी माणसं हवीत. ते गोंधळले. "खांब हाय न, ताई. बॅटरी चोरीले गेली म्हून गोठ्यात आडवा ठेवला. नवी आली का लावतो." गोठ्यात नेऊन दाखवलासुद्धा. एक म्हैस त्याला पाठ घासत उभी होती.

पैज हरून घरी आलो. बाबांनी दारात खड्डा खणून, रेती-सिमेंट आणून ठेवलं होतं.

"सापडलं का गाव?"

"नाही," मी म्हटलं. रडू यायचं बाकी होतं.

"मंग?"

आई स्कूटीवरून उतरली, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "खांब फाट्यावर लागन."

"अव, पन पैज—"

"पैज तुमची अन पोरीची. मले कोनी इचारलं होतं का? सरपंच मी हावो." मग जरा हळू आवाजात, "फाट्यावर कोनाचं दार नाही. कोनी बी उभं राहीन."

कॉलेजच्या मुली, एसटी, काळोख, माझं एकही कारण त्यात नव्हतं. खांब फाट्यावर लागला आणि तरीही मी दोन दिवस चिडलेली होते.

तुम्हाला असा प्रवास करायचा असेल तर जरूर करा. खर्च पेट्रोल आणि भज्यांपुरताच. थंडीत जा, संध्याकाळी गावात पोचा, म्हणजे कोण कोणाच्या उजेडात बसतं ते दिसेल. पण कुणाला सुधारून याल असं समजू नका. आमच्या घरी काय झालं ते ऐका. बाबा आठवडाभर फुगून बसले, आणि नंतर रोज संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन फाट्यावर जायला लागले. आता लोक दाखले आणि नळाच्या तक्रारी घेऊन तिथेच येतात. जिथे कोणाचंच दार नव्हतं, तिथे बाबांनी दार केलं. मी आईला म्हटलं, काहीतरी बोल त्यांना. ती म्हणाली, "घरात शांतता हाय न?"

काल चिखलीहून त्याच एसटीने आले. खांबाखाली बाबा, आणि त्यांच्याकडे पाठ करून हरलेल्या पॅनेलच्या घरच्या काकू, मुलीला घ्यायला आलेल्या. निवडणुकीपासून त्या आमची गल्लीसुद्धा टाळतात.

"वहिनी, बसा न. खुर्ची हाय," बाबा म्हणत होते.

"उभीच बरी हावो मी," काकू मागे न बघता म्हणाल्या.

त्यांची मुलगी माझ्या मागून उतरली. एसटी उशिरा आली होती, आणि तेवढा सगळा वेळ काकू उजेडात उभ्या होत्या.