सूज निघाली, केळी वाटा!

दुखणं जुनं झालं की घरात दोन गोष्टी साठतात, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते असे सांगत फिरावं लागतं!

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. जळगावात सांधेदुखीचा एक दवाखाना होता आणि तिथल्या लांब बाकावर दर मंगळवारी आमची बैठक भरायची. मी, चोपड्याकडचे केळीवाले आबा आणि नशिराबादचे कांबळे मास्तर. आबांचे गुडघे, मास्तरांचा खांदा, माझी पाठ. माझी पाठ इतकी ताठ झाली होती, की कचेरीत आलेले नवे साहेब पहिल्याच दिवशी हेडक्लार्कला म्हणाले, "हा माणूस कोणापुढे वाकत नाही, जरा जपून!" त्या गैरसमजावर मी पुढे बरीच वर्षं मान मिळवला.

*

बाकावर एक मोठी अडचण होती. नंबर पुकारला की आमच्यातला माणूस उठायला सुरुवात करायचा. तो सरळ उभा राहीपर्यंत मागचा तरणाताठा पेशंट आत जाऊन औषध घेऊन बाहेर!

शेवटी आबांनी नियम केला. आपला नंबर येण्याच्या दोन माणसं आधीच उठायला लागायचं. एकदा असे आम्ही तिघे अर्धवट उभे असताना एक नवखा आत आला, आम्हाला बघून दारातच हात जोडून थांबला. त्याला वाटलं, दवाखान्यात आरती चालू आहे.

*

आमच्या डॉक्टरीणबाई पुण्याच्या. वयाने लहान, पण समजावून सांगायची भारी हौस.

एकदा त्या आबांना म्हणाल्या, "आबा, ही साधी झीज नाही, सूज आहे. शरीराचे रक्षण करणारे आपलेच शिपाई चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जातात."

आबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे भाऊबंदकी शे का ही?"

बाई हसल्या. "अगदी तशीच!"

"मंग गोळ्या कशाले देता? वाटनी करी टाका ना!"

त्या दिवसापासून बाई प्रत्येक पेशंटला "तुमची भाऊबंदकी कशी आहे?" असंच विचारायच्या. एक वकील नवीन पेशंट म्हणून आले होते, त्यांनी बिचाऱ्यांनी सातबारापासून सांगायला सुरुवात केली.

*

एका मंगळवारी साक्रीकडच्या एका अक्काला तिचा भाऊ घेऊन आला. धुळ्याला एस.टी. बदलून, घामाघूम होऊन. अक्का तिशीची, हात पदराखाली लपवलेले. तिला कित्येक वर्षं सकाळी भाकरी थापता येत नव्हती आणि घरी सगळे म्हणत होते, सोंग करते. नवऱ्याने मेव्हण्याला बजावलं होतं, "रोग निघाला तं घर लई ये. नही निघाला तं तुनाच घर ठेव." म्हणजे रोग निघाला तरच अक्काला सासरी जागा!

अक्का बाईंसमोर बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "मना हात गंज दुखस."

आता आमच्याकडे 'मना' म्हणजे 'माझा' आणि 'गंज' म्हणजे 'खूप', हे पुण्याच्या बाईंना काय माहीत! त्यांनी फक्त 'मन' ऐकलं. लेखणी खाली ठेवली आणि अगदी मायेने विचारलं, "मन दुखतं? कधीपासून?"

अक्का तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली.

"हाई तं माले आजलोंग कोन्हीच इचारं नही, बाई!"

पडद्याबाहेर आम्ही सगळे ऐकत होतो. आबा उगीच चष्मा पुसत बसले. चूक झाली ती किती बरी झाली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. भाऊ मात्र हादरला. "बाई, हाई मननं दुखनं लिखू नका हो! तिले घरमा घेवाव नही!"

बाईंनी रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी मिळणार होता. अक्का तोवर भावाकडे राहणार होती.

*

त्याच सुमाराला कांबळे मास्तर यायचे थांबले होते. हे मास्तर म्हणजे हजरजबाबी माणूस. खांदा वर जात नाही म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "वरचा अर्धा फळा रिकामा का?" मास्तर म्हणाले, "तो वरच्या वर्गासाठी राखून ठेवलाय!"

असा माणूस रजा टाकून भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाई म्हणाल्या, "तापात आपण कसे मलूल होतो? तशी सूज अंगात मुरली की मनही पडतं. तो आळस नाही आणि वेडही नाही. जा, बोला त्यांच्याशी."

आबा आणि मी नशिराबादला गेलो. वहिनींनी सतरंजी टाकली, आम्ही बसलो. समजुतीचं खूप बोललो. मास्तर भिंतीकडेच. शेवटी कंटाळून निघायचं ठरवलं, आणि उठताच येईना! आबा माझा हात धरून उठायला गेले, मी त्यांच्यावर कललो, दोघेही आडवे.

खाटेवरून आवाज आला, "मूर्खांनो, खाली कशाला बसलात?"

मास्तर उठले. चांगल्या हाताने आधी आबांना ओढलं, मग मला. ओढता ओढता हसू लागले ते थांबेचनात. वहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या आणि हसतही होत्या. पुढच्या मंगळवारी मास्तर बाकावर हजर!

*

तो मंगळवार अक्काच्या रिपोर्टाचा. एरवी रिपोर्ट चांगला यावा म्हणून लोक नवस बोलतात. इथे अख्खं बाक प्रार्थना करत होतं, की देवा, काहीतरी वाईट निघू दे! कधी देवाला हात न जोडणारे मास्तरसुद्धा पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, "प्रार्थना नाही, इच्छा व्यक्त करतोय."

बाई बाहेर आल्या. "सूज आहे. भरपूर आहे!"

"सूज शे! सूज शे!" आबा ओरडले आणि सोबत आणलेली केळ्यांची फणी त्यांनी बाकभर वाटून टाकली.

अक्काचा भाऊ समोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये धावला. साक्रीच्या दुकानदाराला निरोप देताना इतक्या आनंदाने ओरडला, "निंघनी! निंघनी! भावजीले सांगा!", की रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बहू भारी! पोऱ्या का पोरगी?"

"सूज!" भाऊ म्हणाला.

*

त्याच्या पुढच्या मंगळवारी नवरा स्वतः आला. दणकट माणूस, हातात टोपी चुरगाळत उभा. बाईंनी त्याला बाहेर बाकापाशीच रिपोर्ट समजावला. त्याने ऐकून घेतलं आणि तरी विचारलं, "मंग हाई बठ्ठं तिना मनमा नही?"

"सूज अंगात आहे, ही बघा," बाई म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं हिने 'सोंग करते' असं ऐकून घेतलं, ते मनात आहे. दोन्ही खरं आहे. औषध मी देईन. दुसऱ्याचं तुम्ही बघा."

तेवढ्यात बाकावर बसलेली अक्का, जी त्याच्यासमोर कधी मान वर करत नव्हती, ती म्हणाली, "मनमा काय शे ते तुम्ही कधी इचारं?"

त्याने टोपी घातली, काढली, परत घातली. मग सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कसं वाटस तुले?"

अक्काने बराच विचार केला. "चहा पिवासारखं वाटस."

तो बाहेर गेला आणि आला तो हॉटेलातली केटलीच घेऊन. कोणाच्या डोळ्याला डोळा न भिडवता त्याने बाकावरच्या प्रत्येकाला कप दिला, शेवटी अक्काला.

अक्काने दोन्ही सुजलेल्या हातांत कप धरला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी शे."

नवरा पुन्हा बाहेर निघाला.